घेवडा निवडून मग जा

आमच्याकडं श्रावणघेवडा चिरत नाहीत, मोडतात. आमच्याकडं म्हणजे सासूबाईंच्या घरी. मनमाडला माझ्या माहेरी आई मूठभर शेंगा एकदम विळीवर धरायची आणि चिरून मोकळी व्हायची. शिरा राहिल्या तर राहिल्या, देवानं दात कशाला दिलेत, म्हणायची. नाशकात तसं चालायचं नाही. एकेक शेंग हातात घ्यायची, देठाकडून एका बाजूची शीर ओढायची, मग उलटी करून शेंड्याकडून दुसऱ्या बाजूची, आणि मग बोटाच्या पेराएवढे तुकडे मोडायचे. मोडताना कट् वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर शेंग जून.

शिजवायला काहीच लागत नाही हो. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, त्यावर घेवडा परतायचा, वर ताटलीत पाणी ठेवून वाफ आणायची आणि उतरवताना दाण्याचं कूट. जीव जातो तो निवडण्यात. त्यात सासूबाईंचा नियम असा, की विकत घेतलेली भाजी निवडल्याशिवाय घरातल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. टोपलीत भाजी तशीच टाकून बाई बाहेर पडली की घराची बरकत तिच्या मागोमाग निघून जाते. हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची कॉलनी नुकती वसत होती. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. बारा ते साडेतीन मुलांजवळ बसायला त्यांना कुणी हवं होतं. त्यांनी मला विचारलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला बाहेरच्या कुणी काही विचारलं, असं ते पहिलंच. आमची मुलगी शाळेत जायला लागलेली, हे अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. दुपार माझ्या अंगावर यायची. मला जायचंच होतं.

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. तेच तर अवघड होतं. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्या म्हणाल्या, "जा की. घेवडा तेवढा निवडून मग जा."

भाजीवाली गिरणारे गावाकडून यायची, चांगले अकरा वाजून गेल्यावर. "लय कवळा हाय, आजी," म्हणायची, आणि सासूबाई तिची अर्धी टोपली आमच्या टोपलीत ओतून घ्यायच्या. एरवी मेथी, गवार, भोपळा, सगळं यायचं घरात. मी बालवाडीचं नाव काढल्यापासून नुसता घेवडा. मी ताट घेऊन बसायची. शेंगांमागून शेंगा, बोटांची टोकं हिरवी व्हायची, आणि ताटात पाहावं तर ढीग तेवढाच. खिडकीतून बालवाडीची पोरं आयांचा हात धरून जाताना दिसायची. घड्याळ दिसू नये म्हणून मी त्याच्याकडं पाठ करून बसायची, तर सासूबाई आपणहून सांगायच्या, "बारा वाजले गं."

रोज उशीर. बाई समजूतदार होत्या, पण एक दिवस म्हणाल्याच, "अहो, मुलं आत यायला तयार नसतात, रडतात. मी एकटी कुणाकुणाला धरू?"

मग मी डोकं चालवलं. घेवडा पिशवीत भरला, पिशवी खांद्याला लावली आणि सासूबाईंना म्हटलं, "टोपलीत आता काही नाही. भाजी माझ्याबरोबरच चालली आहे." मी वेळेवर पोचले.

मुलांना तो कट् आवाज फार आवडला. सगळी माझ्याभोवती गोल करून बसली आणि शेंगा मोडायला लागली. रडणारी पोरंसुद्धा गप्प. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

संध्याकाळी सासूबाईंनी घेवडा धुवायला घेतला आणि एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे काय गं? उंदीर लागला का बालवाडीला?"

बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या. पोरांनी चावून, आवडलं नाही म्हणून परत ताटात टाकलेलं.

"मुलांनी चाखून बघितलं असेल," मी म्हटलं.

"म्हणजे उष्टं. आणि मी ह्याचा नैवेद्य दाखवणार होते."

हे म्हणाले, "आई, दुधाचे दात आहेत. चालतं."

"तुझ्या पोटाला चालेल. देवाला विचारलंस?"

सगळा घेवडा गायीला गेला. आम्ही पिठलं खाल्लं. आणि पिशवी पुन्हा घराबाहेर न्यायची नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ताट, तोच ढीग. मी पोचले तेव्हा मुलांचे डबे उघडले होते. बाई म्हणाल्या, "उद्या बाराला येता आलं तर या. नाहीतर राहू द्या, मी दुसरं कुणी बघते." रागावून नाही म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "गप्प का?"

"काही नाही. उद्यापासून जात नाही मी."

"का?"

"घेवडा."

ह्यांनी ताटातल्या भाजीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी पाळीवरून आलो की निवडीन. त्यात काय मोठंसं?"

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "शेंगा? बायकांसारखा मांडी घालून?"

"मशीनवर उभा असतो दिवसभर. बसायला मिळेल."

मला झोप म्हणून लागली नाही. हे बोलून गेले खरे, पण सकाळी भाजी येणार, आणि ह्यांची पाळी सुटेपर्यंत ती टोपलीत तशीच राहणार. नियम तर नियमच.

सकाळी घेवडा आला. सासूबाईंनी एक फडकं ओलं करून पिळलं, टोपलीवर पसरलं आणि कडा नीट खोचल्या. म्हणाल्या, "झाकलेली आहे तोवर भाजीवालीचीच. घरात आली असं धरत नाहीत. जा आता, माझ्या तोंडाकडं काय बघतेस?"

मी गेले. बाईंच्या दारात मी मुलांच्या आधी उभी होते.

चारच्या सुमाराला घरी आले तर दार आतून बंद. आमच्या कॉलनीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नसे. काही बरंवाईट झालं की काय, असंच येतं मनात. मी कडी वाजवली. आत काहीतरी खणकन पडलं, मग कुजबुज.

"कोण आहे?" सासूबाई.

"मी."

दार बोटभर उघडलं. त्यांनी आधी माझ्या खांद्यावरून गल्लीत नजर टाकली. "मागं कुणी नाही ना?"

आत भर दुपारी दिवा लावलेला, खिडकीचे पडदे टाचणीनं जोडलेले. हे कंपनीच्या निळ्या शर्टातच खाली बसले होते, मांडीवर ताट आणि ताटावर घाईनं ओढलेलं वर्तमानपत्र. घामानं भिजले होते.

"आत ये आधी," हे म्हणाले, "आणि दार लाव."

मी वर्तमानपत्र उचललं. सगळ्या शेंगांची एकाच बाजूची शीर काढली होती त्यांनी. उठून कडी लावली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.