भुताच्या गोष्टीला दिलेलं घर

नेरूळच्या खाडीकडच्या अंगाला, सारसोळे गावाच्या थोडं अलीकडे आमचं घर होतं. आमचं म्हणजे राहण्यापुरतं. मालकी मिठागराच्या शेटची. माझे सासरे त्या मिठागरावर मुकादम होते. मिठागर बंद झालं, आजूबाजूची जमीन नव्या शहरात गेली, कामगार आपापल्या गावी परतले आणि त्यांच्या झोपड्या एकेक करून बसल्या. मध्ये हे दगडी जोत्याचं कौलारू घर तेवढं राहिलं. शेट मुंबईत असायचा. "मुकादम, तुम्ही आहात तोवर राहा," असं तो एकदा म्हणाला होता आणि त्या एका वाक्यावर आम्ही राहत होतो. पुढे खाडी, मागे भराव टाकून ठेवलेलं मोकळं रान आणि त्याच्या पार पलीकडे नव्या बिल्डिंगींचे सांगाडे.

"एवढ्या एकट्या घरात तुला भीती नाही वाटत?" असं मला कंपनीतल्या बायका विचारायच्या. मी हसायचे. भीती वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद शिल्लक लागते. सकाळी उठून वाटेच्या वळणावरच्या नळावरून पाणी आणायचं, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, बाबांना काढा द्यायचा, मग भरावातून धूळ तुडवत मोठ्या रस्त्यावर जायचं आणि बस धरायची. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मी टेलिफोन बोर्डावर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. घरी येईपर्यंत कानात नुसतं घूं घूं व्हायचं. नवरा दुसऱ्या कंपनीत, तीन पाळ्यांत. आम्ही दोघं जागे असताना एकमेकांना भेटलो तर तो सणच.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना दमा होता. आतल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून ते बसलेले असत आणि खोकत. तो खोकला घरातल्या घड्याळासारखा होता. आधी घशात कोरडी खरखर, मग एक लांब ओढलेला श्वास, त्यानंतर एकापाठोपाठ एक उबळी आणि सगळ्यात शेवटी "हुं" असा छोटासा हुंकार, जणू कुणाच्या तरी बोलण्याला रुकार दिल्यासारखा. उबळ आली की आई, माझ्या सासूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन उठायच्या. त्यांचेही गुडघे गेलेले होते. त्यामुळे मी घरी असले की मीच उठायचे.

अशात एका दुपारी शेटचा माणूस दोघातिघांना घेऊन आला. रविवार होता. एक दाढीवाला तरुण, खांद्याला झोळी, घराभोवती चक्कर मारून आला आणि खूश होऊन म्हणाला, "अप्रतिम! अगदी अस्संच घर हवं होतं."

ते टीव्हीचे लोक होते. भुताची गोष्ट करायची होती. एक जोडपं वाट चुकून एकाकी घरात आसरा घेतं, आणि त्या घरात कुणीतरी आहे जो दिसत नाही, अशी. शेटने होकार दिलेलाच होता. आम्हाला फक्त सांगायला आले होते.

बाबांनी खाटेवरूनच विचारलं, "कसली गोस्ट?"

"भुताची, बाबा," दाढीवाला म्हणाला.

"भूत? ह्या घरात?" बाबांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. तो शमल्यावर म्हणाले, "अवो, म्या इतकी वर्सं ऱ्हातोय हितं. मला तर नाय कंदी दिसला."

बाबांसाठी हा थट्टेचा विषय नव्हता. ते महाडकडचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी गावच्या घरातले देव, टाक, अंगारे, उतारे सगळं नदीत सोडलं होतं. आईंच्या अंगात यायचं म्हणे आधी. तेही त्यांनी बंद केलं. मिठागरावर कामगारांची पोरं खाडीवरच्या हडळीला घाबरायची, तर हे अंधार पडल्यावर त्यांना हाताला धरून बांधावरून फिरवून आणायचे. त्यांनी दाढीवाल्याला जवळ बोलावलं.

"करा. पन शेवटाला दाखवा, की भूतबित कायबी नव्हतं. वाऱ्यानं दार वाजत हुतं, म्हनून सांगा."

"बघू हं, बाबा," तो म्हणाला. मुलगा सभ्य होता. पण "बघू" म्हणजे काय ते टेलिफोनवर रोज ऐकणाऱ्या मला कळलंच.

शूटिंगसाठी मी रजा टाकली. आदल्याच महिन्यात मी आणि नवऱ्याने पुढच्या खोलीला चुना काढला होता. त्यांच्या माणसाने त्यावर काजळी फासली. कापूस आणि डिंकाची जाळी लावली. खिडक्यांना बाहेरून काळी कापडं ठोकून भर दुपारी रात्र केली. मी दारात उभी राहून माझी भिंत काळी होताना बघत होते. राग यायला हवा होता, पण मनात एवढंच आलं की हे आता परत घासावं लागणार.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती काढायला एकजण स्टुलावर चढला तेव्हा आई म्हणाल्या, "थांब बाळा, तू नको. मी काढते." त्यांनी ती उतरवली, पदराने पुसली आणि बाबांच्या खोलीत नेऊन त्यांच्या उशाशी ठेवली.

मग अडचण झाली ती खोकल्याची. नटी घाबरून भिंतीला टेकते, दिवा फडफडतो, सगळे श्वास रोखून असतात, आणि आतून बाबा खोकतात. साउंडवाला कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे हताशपणे बघायचा. "ताई, आजोबांना पाच मिनिटं थांबवा ना."

मी आत जाऊन बसले. बाबांच्या तोंडात खडीसाखर आणि ज्येष्ठमध दिलं. त्यांनी खरंच थांबायचा प्रयत्न केला. तोंडावर टॉवेल दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली. बाहेरून "कट" ऐकू आलं की टॉवेल काढून इतका वेळ अडवलेलं सगळं बाहेर यायचं. दोन-तीनदा असं झालं. शेवटी मीच उठले आणि बाहेर जाऊन म्हटलं, "हे नाही जमणार. माणूस मरेल माझा."

दाढीवाला ओशाळला. तेवढ्यात साउंडवाला हळूच म्हणाला, "सर, मला वाटतं हाच ठेवू या. न दिसणारा माणूस आहे ना आपला? तो खोकतो."

दाढीवाल्याने डोळे मिटून विचार केला आणि मग टाळीच वाजवली.

ते माइक घेऊन बाबांच्या खोलीत आले. दाढीवाला खाली बसला. "बाबा, जरा खोकाल का?"

बाबांनी तयारी केली. ताठ बसले. सगळे वाट बघत राहिले. आणि खोकला येईना! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाबांनी घसा खाकरून पाहिला, तर ते नाटकातल्यासारखं वाटलं. साउंडवाला मान हलवत होता. मी आणि आई एकमेकींकडे बघून हसू दाबत होतो. त्या घरात आम्ही दोघी एकदम हसल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे आठवतं.

मग दाढीवाला शहाणपणाने म्हणाला, "राहू द्या. बाबा, तुम्ही भुताचं काय म्हणत होतात त्या दिवशी?"

बाबा खुलले. सांगू लागले, की माणूस मेला की संपला. त्याचं चांगलं-वाईट मागे राहतं ते लोकांत; तो नाही राहत. बांधावर काय दिसतं, तर चांदणं. घरात काय वाजतं, तर वासा. भूत म्हंजे... आणि तिथेच उबळ आली. पूर्ण आली, श्वास, उबळी आणि शेवटचा हुंकारही. साउंडवाल्याने अंगठा वर केला.

जाताना ते बिस्किटांचा मोठा डबा देऊन गेले. भिंत आम्ही घासली, पण काजळी पुरती निघाली नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेले. दुपारचं जेवण झालं, पान मागितलं, आणि आई पान लावेपर्यंत मान कलली. मी कामावर होते. माझ्याच बोर्डावर फोन आला. वळणावरच्या दुकानदाराने केलेला. पहिल्यांदा मी सवयीने "होल्ड ऑन" म्हटलं.

त्यानंतर घरात शांतता आली. आई म्हणायच्या झोप लागत नाही. मला मात्र लागायची, आणि उठल्यावर त्याचं वाईट वाटायचं.

पुष्कळ महिन्यांनी असाच बोर्डावर दाढीवाल्याचा फोन आला. "ताई, आपला कार्यक्रम येत्या शनिवारी दाखवणार आहेत. बाबांना सांगा."

बाबा गेल्याचं मी सांगितलं त्याला.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. सारसोळ्यात आम्हाला मासळी देणारी एक मावशी होती, तिच्या मुलाने नुकताच घेतला होता. "या की, सगलीच या," ती म्हणाली. खोकल्याबद्दल आईंना आधी सांगावं का, यावर मी आणि नवरा बोललो. तो म्हणाला, "ठेवला असेल की नाही कुणास ठाऊक. कशाला उगाच?" म्हणून नाही सांगितलं. त्यांना ते रेकॉर्डिंग आठवत असेल असंही वाटलं नाही.

मावशीच्या घरात दाटीवाटीने माणसं बसली होती. आईंना पुढे पाटावर जागा दिली. पडद्यावर आमचं घर आलं तेव्हा गलका झाला. "तुमचाच घर कनी गो?" मावशीने विचारलं. मला स्वतःला ते ओळखू येईना. कृष्णधवल चित्रात खाडी काळी आणि घर त्याहून काळं. आमची तुळई, आमचा दरवाजा, आणि तरीही तिथे कधी कुणी भाकरी केली असेल असं वाटत नव्हतं.

नटी भिंतीला टेकली. दिवा फडफडला. आणि आतून खरखर आली.

मावशीची सून किंचाळली. पोरांनी एकमेकांना घट्ट धरलं. आणि आई उठल्या. गुडघ्यावर हात रेटून, घाईने, तांब्या शोधत असल्यासारखा हात पुढे करून. उबळ संपायच्या आत त्यांना कळलं. त्या तशाच अर्ध्या उभ्या राहिल्या आणि मग हळूहळू खाली बसल्या.

मला काय वाटलं ते सांगते. भीती नाही, रडू नाही. पहिल्या क्षणी मला तोच जुना थकवा जाणवला, की आता उठायला हवं. पायांनी तयारीसुद्धा केली होती. आणि मागोमाग शेवटचा "हुं" आला.

नवऱ्याने तोंड फिरवलं.

गोष्टीत खोकला आणखी दोनदा आला. आईंनी पडद्याकडे पाहणं सोडलं होतं. डोळे मिटून, कान टीव्हीच्या बाजूला करून त्या बसल्या होत्या. आजूबाजूची माणसं भिऊन "आई गं" म्हणत होती आणि त्या पुढल्या उबळीची वाट बघत होत्या. शेवटी भूत खरंच निघालं. वाऱ्याने दार वाजत होतं, असं कुणी म्हटलं नाही.

परत येताना बांधावर आईंनी विचारलं, "परत लागंल का गं ते?"

"नाही, आई."

"त्यांच्याकडं ठेवलेलं असंल ना पन?"

"विचारते," मी म्हणाले.

विचारलं मी. माझ्या हातात टेलिफोन होता, वेळ मिळेल तेव्हा लावत राहिले. दाढीवाला दुसरीकडे गेला होता. साउंडवाल्याचा पत्ता लागला नाही. शेवटी एक बाई भेटल्या, त्यांनी शोध घेऊन मला फोन केला. म्हणाल्या, "ती टेप पुसली हो. पुन्हा वापरतात ना टेपा. त्यावर आता शेतीचं काहीतरी आहे." मी आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "असू दे," म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

आमच्यासाठी गोष्ट तिथे संपली, पण आजूबाजूच्यांसाठी सुरू झाली. नव्या बिल्डिंगीतल्या बायका सुटीच्या दिवशी नवऱ्यांना घेऊन घर बघायला यायच्या. ओट्यावर बसलेल्या आईंना विचारायच्या, "आजी, ते भुताचं घर हेच का?"

"व्हय, हेच," आई म्हणायच्या. "मीच ऱ्हाते. पानी पिनार का?"

बहुतेक जणी पाणी न पिता जायच्या. दूधवाला वळणावर दूध ठेवून जाऊ लागला. रिक्षावाले तर दिवसासुद्धा वळणाच्या पुढे येईनात. "उधर नहीं, बाई. टीवी पे देखा मैंने," एकाने मला तोंडावर सांगितलं. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भरावातून चालत यायचे. बाबा असते तर त्यांनी एकेकाला हाताला धरून घर दाखवलं असतं. माझ्यात तेवढी उमेद नव्हती.

दोनेक वर्षांनी शेटने जागा मागितली. भांडण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याच्या नावावर नेरूळच्या एका नव्या सेक्टरमध्ये तळमजल्यावरची खोली सोडतीत निघाली होती, तिथे जायचं ठरलं. टेंपो ठरवला. तोही वळणावर येऊन थांबला.

"आत घे ना गाडी," नवरा म्हणाला. "सामान आहे."

"नाय दादा, रस्ता खराब हाय," ड्रायव्हर म्हणाला. रस्ता चांगला होता.

मग आम्हीच सगळं वाहिलं. भांडी, गाद्या, स्टो, पिंप. आईंना मी नको म्हणत होते, तरी त्या प्रत्येक खेपेला काहीतरी उचलत होत्या. शेवटी लोखंडी पेटी राहिली. मी आणि नवऱ्याने दोन बाजूंच्या कड्या धरल्या, आई मागून चालत होत्या. अर्ध्या वाटेवर माझ्या बोटांना रग लागली आणि आम्ही पेटी खाली ठेवली. ऊन चढलं होतं. आई येऊन पेटीवर बसल्या. मग मी बसले. नवरा शेजारी उकिडवा बसला आणि त्याने विडी पेटवली.

वळणावरून टेंपोवाल्याने हॉर्न दिला.

"चला, आई," मी म्हणाले.

"बसू दे गं," आई म्हणाल्या. "वाजवू दे त्याला."

आम्ही बसून राहिलो.