एंटर दाबण्याआधी
नाशिक रोडहून कळवणला निघालेल्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन खुशीत होतो. फूल उत्पादकांच्या संघाचा सर्व्हर मी सांभाळतो. तो भरत आला होता, आणि 'जुने' नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली एका झटक्यात पुसणारी कमांड मी लिहिली होती.

शेजारी गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेल्या एक बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी माझा हात एंटरवरून सरळ उचलून बाजूला ठेवला.

"दादा, आधी त्या कमांडला विचारा ना, काय काय पुसणारे."

ओढणीला बोटं पुसून त्यांनी कमांडच्या आधी 'एको' टाइप केलं. म्हणजे पुसू नकोस, नुसतं दाखव. पडद्यावर सगळ्याच फायली आल्या, यंदाच्या नोंदींसकट. 'जुने' आणि त्यापुढची चांदणी यांच्यात माझ्याकडून एक स्पेस पडली होती; सुटी चांदणी म्हणजे 'सगळ्या फायली', तेवढ्याने सगळं गेलं असतं.

आधी मी ती स्पेस काढली, मग इतका आनंद झाला की वणी येईपर्यंत मी सुचेल त्या कमांडला एको लावून बघत होतो. बाई निवांत शेंगा खात होत्या.

त्या उतरायला उठल्या तेव्हा मी विचारलं, "ताई, हे कुठं शिकलात?"

"कुठं म्हणजे? एकदा सगळं पुसून."