भाभींनी पारखलेला प्रोसेसर

नवं मशीन चालू केलं की भाभी पडद्याकडे बघायच्याच नाहीत. त्या कॅबिनेटवर पालथा हात ठेवायच्या, लेकराचा ताप बघतात तसा, आणि डोळे मिटून म्हणायच्या, "गरम झाला तं चालते, रुसला नाही पाह्यजे." रुसणं म्हणजे हँग होणं. कॉम्प्युटरच्या धंद्यात इतकी वर्षं घालवली, पण मला त्यासाठी याहून चांगला शब्द अजून सापडलेला नाही.

माझं कारंज्यात कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान आहे. दोन गल्ल्या सोडून भाभींच्या घरचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग त्यांचे शौहर करायचे, त्यांना सगळा गाव उस्ताद म्हणे. आणि त्या शूटिंगची फिल्म माडीवरच्या टिनाच्या खोलीत बसून भाभी बनवायच्या. काटछाट, गाणी, रंग, सगळं त्यांचं. आता स्टुडिओ बंद झाला आणि दोघं अमरावतीला लेकीकडे राहतात, पण गावातल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्या खोलीत जोडली गेली, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

दुपारची जेवणं झाली की भाभी तासभर ट्रक चालवायच्या. गेममध्ये. रस्ते परदेशातले, गुळगुळीत, रिकामे. पण भाभी हॉर्न असा वाजवत जायच्या, जणू मंगरूळपीरच्या बाजारातूनच गाडी काढायची आहे. एकदा मी जिना चढून वर गेलो तर त्यांनी मान न वळवता मला दारातच उभं केलं. वळण अवघड होतं म्हणे. मीही उभा राहिलो. तुम्हीही राहिला असता.

जुनं मशीन पार थकलं होतं. लग्नसराईत त्या एक दिवस दुकानात आल्या आणि म्हणाल्या, बजेटमधलाच पण दमदार प्रोसेसर दाखवा. मी हरखलोच. नुकताच मधल्या किमतीचा एक सहा कोरचा आला होता आणि त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलायला मी तळमळत होतो. सहा कोर म्हणजे स्वयंपाकघरात सहा बाया एकदम कामाला, असं मी सांगितलं. तरी माझा जीव त्याहून महाग आठ कोरवाल्यावर होता. मी आपला मोबाईलवर परीक्षणं लावून देत होतो आणि भाभी ती शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या सांगनाऱ्याच्या खोलीत एसी हाय, भाऊ. माह्या खोलीत मे महिना हाय."

झालं. सहा कोरवाल्याची परीक्षा त्यांच्या खोलीत घ्यायची ठरली.

एवढा दमदार कशाला हवा, हे मी विचारलं. मला वाटलं, धंदा. शहरातले स्टुडिओवाले आता लग्नाची छोटी फिल्म त्याच दिवशी, संध्याकाळी रिसेप्शनमध्येच मोठ्या पडद्यावर दाखवतात. त्यांना टक्कर द्यायची असेल. भाभींनी मान हलवली.

"इतक्या शाद्या बनवल्या, भाऊ. पाहनाऱ्याचं तोंड एकदाबी पाह्यलं नाही."

खरंच होतं ते. फिल्म तयार व्हायला दीड-दोन महिने लागायचे. मग ती पेनड्राइव्हमध्ये जायची, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर लागायची. कोण कुठे हसलं, कुणाचे डोळे कुठे भरले, हे बनवणारीला कधी कळलंच नाही. मंगरूळपीरच्या एका संत्र्याच्या बागायतदारानं मुलीच्या लग्नात तशी फिल्म दाखवायला होकार दिला होता. उस्तादांना हा उपद्व्याप पसंत नव्हता. एकदा करून बघू, म्हणाले, पण भर मांडवात फजिती झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही. म्हणजे जे काही होतं ते या एका मशीनवर होतं.

आम्ही भर दुपारी परीक्षेला बसलो. वर टिन तापलेलं, लाइट गेलेली, मशीन इन्व्हर्टरवर. भाभींनी एका जुन्या लग्नाची फिल्म बनवायला लावली आणि शेजारी ट्रकही चालू केला. काम आणि खेळ वेगवेगळे तपासायचे असतात, असं मी म्हणालो, तर त्यांना ते अजिबात पटलं नाही. "घरात कोनतं काम एकटं येते?" त्यांनी विचारलं आणि गिअर टाकला.

सुरुवातीला काय पळाला ट्रक! मी तर टाळ्याच वाजवायच्या बेतात होतो. मग तो ओढल्यासारखा चालू लागला, फिल्म किती झाली ते दाखवणारी पट्टी जागच्या जागी थांबली आणि मशीन आपोआप बंद पडलं. भाभींचा चेहरा उतरला. मी आठ कोरवाल्याचं नाव काढणार, तेवढ्यात माझं लक्ष टेबलाखाली गेलं.

कॅबिनेटला झगा होता. जांभळी मखमल, कडेनं सोनेरी गोट, बटणासाठी व्यवस्थित काज. जवळच्या जिनिंग कारखान्यातली रुई उडते, नव्या मशीनमध्ये जाऊ नये, म्हणून भाभींनी सकाळी हौसेनं शिवला होता. आपण मिक्सरला घालतो, फ्रिजला घालतो, तसा यालाही. आतले पंखे बिचारे मखमलीवर वारा घालत होते.

"भाभी, यानं श्वास कुठून घ्यायचा?"

त्यांनी तोंडाला ओढणी लावली आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. झगा काढला, मशीन जरा निवू दिलं आणि पुन्हा तीच परीक्षा. काय सांगू तुम्हाला! खालून चहा आला, आम्ही तो प्यायलो, तोवर फिल्म तयार, आणि ट्रक एका घाटातून सुखरूप उतरलेला. कॅबिनेट चांगलंच तापलं होतं, पण रुसलं नाही. मी प्रामाणिकपणे एक उणीव दाखवली, की दूरची झाडं गेममध्ये जरा उशिरा उमटतात. भाभी म्हणाल्या, "उमटू द्या ना. मले ट्रक चालवाचा हाय, शेती नाही कराची." आठ कोरवाला माझ्या डोक्यातून तिथेच उतरला.

लग्नाच्या दिवशी मशीन ऑटोतून मंगरूळपीरला गेलं, भाभींच्या मांडीवर. मीही सोबत गेलो, मला कोण घरी थांबवणार होतं! मंगल कार्यालयानं आम्हाला आचाऱ्याच्या शेजारची, पत्रावळींच्या गठ्ठ्यांची खोली दिली. उस्ताद शूटिंगची मेमरी कार्डं आणून देत होते, भाभी हळद जोडत होत्या, मंगलाष्टकं जोडत होत्या, नको ते झरझर कापत होत्या. मी टेबलफॅन हातात धरून कॅबिनेटला वारा घालत होतो. बाहेर रिसेप्शन सुरू झालं. पहिली पंगत बसायची वेळ झाली आणि आमची पट्टी अजून अर्ध्यावर. उस्ताद दोनदा येऊन पट्टी बघून परत गेले. भाभी पट्टीवर नजर लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या.

पट्टी शेवटाला टेकली. उस्तादांनी पेनड्राइव्ह हातात घेतला आणि त्या वयात ते चक्क पळत सुटले.

मंडपातले दिवे मंद झाले. पडद्यावर हळदीनं माखलेली नवरी हसली आणि सगळा मांडव तिच्याबरोबर हसला. दिवसभर आचाऱ्यामागे धावणारे मुलीचे वडील हातातला पाण्याचा जग तसाच घेऊन एका खुर्चीवर बसले आणि उपरण्यानं डोळे टिपू लागले. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. मी भाभींना शोधलं. त्या पडद्याच्या अगदी पुढ्यात उभ्या होत्या, पडद्याकडे पाठ करून.

"ओ बाई, बाजूले सरका, दिसून नाही राह्यलं," मागून कुणीतरी म्हणालं.

भाभी दोन पावलं सरकल्या. वळल्या मात्र नाहीत.