नाशिकचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

आमचे सायन्सचे सर कोणत्याही उत्तराला बरोबर किंवा चूक म्हणत नसत. उत्तर आलं की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "दिसलं का?" पुस्तकात आहे सर, असं म्हटलं की पुस्तक मिटून बाजूला ठेवायचे. "लिहिणाऱ्याला दिसलं असेल. तुला दिसलं का?" यावरून त्यांचं नाव पडलं, दिसलंका सर. खरं नाव तेव्हा मस्टरवर होतं, आता संगमरवरावर आहे. सर गेल्यानंतर शाळेने प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. त्या समारंभाला मी गेलो होतो. तीन भाषणं झाली आणि त्यांत 'सत्यनिष्ठा' हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला, कारण ऐकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्या व्यासपीठावर सरांना शाळेतून घालवणारा एक जण बसला होता. त्या कामात त्याला हातभार लावणारा खाली श्रोत्यांत बसून शब्द मोजत होता. म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे काचेची चार कपाटं आणि देणगीदाराच्या नावाची पाटी. कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्या हेडसरांच्या खणात. उपकरणं वापरली तर फुटतात, असा हेडसरांचा शोध होता, आणि तो खोटा नव्हता. दिसलंका सर मग बाहेरून सामान आणत. पानाच्या गादीवरून चुना आणून त्याची निवळी करायची आणि तीत नळीने फुंकायला लावायचं. हळदीत टिपकागद बुडवून वाळवायचा आणि त्यावर साबण घासायचा. सायकलच्या कॅरियरला गोणपाटात बर्फ बांधून आणायचे आणि निम्मा वाटेत वितळला की आमच्यापेक्षा तेच जास्त हळहळायचे. सर बागलाणातल्या एका खेड्यातले. एरवी शुद्ध बोलत, पण चिडले की अहिराणी निसटायची. "हाई काय शे रे?" असं ऐकू आलं की वर्ग ताठ बसे.

जीवशास्त्रात अमीबाची आकृती हमखास विचारत. आम्ही ती पुस्तकातून इतकी गिरवली होती की डोळे मिटून काढता यायची. एक दिवस सरांनी घाटावरून गोदावरीचं, म्हणजे आमच्याकडच्या गंगेचं, पाणी बाटलीत आणलं, हेडसरांकडून सूक्ष्मदर्शक अक्षरशः भांडून मिळवला आणि एकेकाला पाहायला लावलं. पाण्यात काय काय वळवळत होतं. दोन दिवसांनी संस्थेचे एक विश्वस्त शाळेत येऊन थडकले. "गंगेत किडे दाखवता पोरांना?"

"मी नाही दाखवले," सर म्हणाले. "भिंगाने दाखवले. आपण पाहता का?"

विश्वस्तांनी पाहिलं नाही. मोठी माणसं भिंगाला डोळा लावत नाहीत, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. पुढे नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

रसायनशास्त्रात एका वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, असं पुस्तकात होतं. सरांनी तो वायू करून दाखवला. सगळा वर्ग नाक दाबून खिडक्यांकडे पळाला. वह्या तपासताना सरांनी मला उभं केलं.

"वास कसा होता?"

"सडक्या अंड्यासारखा, सर."

"तुझ्या घरी अंडं येतं?"

"नाही सर."

"मग सडलेलं कुठे हुंगलंस?"

वर्ग हसला. मग त्यांनी शोभा पगारेची वही उघडली आणि मोठ्याने वाचली. 'आमच्या वस्तीमागच्या नाल्याला मार्चनंतर येतो तसा वास.' कोणीतरी मागच्या बाकावरून खिसकन हसलं. सरांनी एकदा तिकडे पाहिलं. वहीखाली दहापैकी दहा लिहिले आणि वही तिच्याकडे द्यायच्या आधी वर्गभर फिरवली. शोभाचे वडील कारखान्यात कामगार, घर बौद्ध वस्तीत. तिला दहावीनंतर सायन्सलाच जायचं होतं, आणि सायन्सच्या गुणांशिवाय तिच्याकडे दुसरा वशिला नव्हता. वर्गात आम्ही दोघं पुढेमागे असायचो. कधी ती पहिली, कधी मी. मी पहिला आलो की हेडसर प्रार्थनेनंतर नाव घेत. ती आली की बहुधा विसरत.

आता पाण्याचं सांगतो. पाणी शंभर अंशाला उकळतं, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. सरांनी वर्गात पाणी उकळलं आणि आम्हाला तापमापक वाचायला लावला. पारा अठ्ठ्याण्णवावर येऊन थांबला. ज्योत वाढवली तरी हलेना. आम्हाला वाटलं, तापमापक बिघडलेला. सरांनी दुसरा लावला, तिसरा लावला. सगळे अठ्ठ्याण्णव. मग त्यांनी फळ्यावर समुद्र काढला, समुद्राकाठी एक चूल काढली, आणि वर डोंगरावर दुसरी. "हे आपण. जवळजवळ दोन हजार फूट उंच. वर हवा कमी, तिचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. शंभर समुद्राकाठचं. नाशिकचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं." मला ते फार आवडलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच डाळ शिजायला इतका वेळ लागतो होय.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या शाळेतून परीक्षक येत. त्यांच्या स्वागताची आमच्याकडे रीत होती. सकाळी पेढे, दुपारी आचाऱ्याकडचं जेवण, संध्याकाळी नारळ आणि शाल. पाहुण्याचं पोट जितकं भरेल तितके मुलांचे गुण भरतात, असा हेडसरांचा सिद्धान्त, आणि तो त्यांनी प्रयोगाने सिद्ध केलेला होता. आदल्या दिवशी एकाने सरांना विचारलं, "सर, उत्कलनांक आला तर काय लिहायचं?"

"दिसेल ते लिही. परीक्षक बी.एस्सी. आहेत. त्यांना कळेल."

आयुष्यात सरांनी न पाहता केलेलं हे एकच विधान असावं.

मला आणि शोभाला एकच टेबल आलं आणि प्रयोग आला तोच. चंबू एक, दिवा एक, तापमापक एक. दोघांनी शेजारी उभं राहून तो वाचला. अठ्ठ्याण्णव होता. शोभाने लिहिलं. माझं पेन टेकलं आणि तेवढ्यात परीक्षक लाल पेन्सिल कानावर ठेवून आमच्या रांगेत शिरले. पुढच्या टेबलावरच्या मुलाच्या आकड्यावर त्यांनी काट मारली. पुस्तकात शंभर होतं, परीक्षकांच्या हातात पुस्तक होतं आणि गुणही त्यांच्याच हातात होते. मी शंभर लिहिलं. सर तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला सूक्ष्मदर्शकाच्या टेबलापाशी होते.

त्या दिवशी नऊ जणांना त्या प्रयोगात शून्य मिळालं. सर परीक्षकांशी बोलायला गेले आणि प्रकरण हेडसरांच्या खोलीत गेलं. मला आणि शोभाला बोलावणं आलं. परीक्षक पेढा खात होते. हेडसरांनी आमच्या दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या.

"काय हो सर, एकाच चंबूतलं पाणी एकाला वेगळं आणि एकीला वेगळं उकळतं का? पाणी असा भेद करतं?"

पाण्यावरून कोणी भेद केला, हे त्या खोलीत फक्त शोभाला घरून ठाऊक असणार होतं. 

परीक्षकांनी मला विचारलं, "तुला किती दिसलं?"

"शंभर."

"आणि तुला?"

"अठ्ठ्याण्णव," शोभा म्हणाली.

"म्हणजे हा खोटं बोलतोय?"

"त्यालाच विचारा."

परीक्षक सरांकडे वळले. "तुम्हीच सांगा. दोघांत खोटं कोण?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नुसतं 'हा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. "मी त्या टेबलापाशी नव्हतो," ते म्हणाले. "न पाहिलेल्यावर मी बोलत नाही. पण शेजारच्या खोलीत शिपायाने तुमच्या चहाचं आधण ठेवलंय. तापमापक माझ्या खिशात आहे. चला, पाहू."

दहा पावलांवर पाणी उकळत होतं. स्टोव्हचा आवाज येत होता. कोणी उठलं नाही. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, त्यांना पावणेसहाची एसटी गाठायची होती. हेडसर म्हणाले, "अहो, बसा हो सर. पाहुण्यांना चहा पिऊ द्या, मोजायला कसला देता?" आणि स्वतःच्या विनोदावर हसले. इतक्या वर्षांनीही त्या हसण्याचा मला राग येतो. गॅलिलिओ वगैरे फार मोठी उदाहरणं झाली. इथे धर्मपीठही नव्हतं, नुसता चहा होता.

मग हेडसरांनी तोडगा काढला. नऊ मुलांच्या वेळी तापमापक सदोष होते, असं सरांनी लिहून द्यावं, परीक्षक त्या मुलांना सरासरी गुण देतील, विषय संपला. कागद पुढे आला. सर म्हणाले, "तापमापक चांगले आहेत." हेडसर म्हणाले, "मग मुलांचं शून्य राहू दे." सरांनी शोभाकडे पाहिलं. बराच वेळ तो कागद वाचत राहिले, त्यावर दोनच ओळी असताना. मग सही केली.

बाहेर व्हरांड्यात शोभाने त्यांना गाठलं. ती रडत नव्हती, संतापली होती. "सर, सही का केलीत? मला दिसलं होतं."

"तेवढं विसरू नकोस," सर म्हणाले. माझ्याकडे न पाहता ते सायकलकडे गेले.

जूनमध्ये त्याच कागदाच्या आधारे सरांवर ठपका आला. उपकरणांच्या देखभालीत हयगय, पुरावा म्हणून स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब. संस्थेची त्र्यंबकला शाखा होती, तिथे बदली. शोभाला सायन्स मिळालं नाही. दोन गुणांनी हुकलं. मला मिळालं. प्रार्थनेनंतर माझं नाव घेतलं गेलं आणि टाळ्या वाजल्या. पुढे मी एका सरकारी खात्यात लागलो. तिथे वरून आकडा येतो आणि खालून तो मोजला जातो. मला त्या कामाचा सराव होताच.

सात-आठ वर्षांनी मी त्र्यंबकला गेलो. लोक तिथे पाप फेडायला जातात, तासाभराच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेलं कुटुंबही त्यासाठीच चाललं होतं. मी वेगळा होतो असा माझा दावा नाही. सर शाळेतच सापडले, केस पांढरे, चष्मा कपाळावर. मी वाकलो, वाक्य जुळवू लागलो, तेवढ्यात त्यांनी हात केला. "थांब. चहा टाकतो."

प्रयोगशाळेच्या टेबलावर स्टोव्ह होता. पाणी खळखळायला लागलं तेव्हा त्यांनी तापमापक आत सोडला आणि मला पुढे ओढलं.

"वाच."

"साडेसत्त्याण्णव."

"नक्की?"

"नक्की, सर."

"इथे आपण आणखी वर आलो ना," ते खुशीत म्हणाले. "संस्थेने मला बढतीच दिली." मग पाण्याकडेच पाहत विचारलं, "तेव्हा किती होतं?"

"अठ्ठ्याण्णव."

"ते मला ठाऊक आहे रे. तुला ठाऊक होतं का, तेवढंच राहिलं होतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "मला वाटायचं, वाफ असेल, पोराला नीट दिसलं नसेल. इतकी वर्षं ती शक्यता मी खोडली नव्हती."

मी माफीचं काहीतरी बोललो. त्यांनी चहापत्ती टाकली. "मला काय सांगतोस? मी तिथे नव्हतोच. खोटं तिला ठरवलंस. तिला सांगितलंस?"

"नाही."

"अंबडला आहे ती, कारखान्यात. तपासणीच्या टेबलावर. जा, सांगून ये."

मी जातो म्हणालो. चहा चांगला झाला होता.

दोन वर्षांनी सर वारले आणि मग मी अंबडला गेलो. पाळी सुटायची वेळ होती. फाटकाबाहेर शोभाने मला लगेच ओळखलं. सर गेल्याचं तिला माहीत होतं, ती त्र्यंबकला जाऊन आली होती. मी वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं. मला अठ्ठ्याण्णवच दिसलं होतं.

ती म्हणाली, "मला माहितीये. शेजारीच उभी होते मी."

मग तिने विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"हो."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी."

"काय म्हणाले?"

"तुला सांग म्हणाले."

"आणि आज आलास."

 तिची मैत्रीण पुढून हाक मारत होती, त्यांची बस लागली होती. शोभाने डबा पिशवीत घातला आणि निघाली. मी सायकल काढली. अंबडहून आमचं घर सायकलवर पंचवीस मिनिटं आहे. हे मी मोजलेलं आहे, आणि आकडा बरोबर आहे.