खंडेनवमीचं पिस्तूल

वडील गेले आणि त्यांचं पिस्तूल आमच्या गळ्यात पडलं. ते फौजेत असताना तिथली जुनी शस्त्रं विक्रीला निघाली, तेव्हा त्यांनी ते रीतसर परवान्यावर घेतलेलं. आता ते घरात ठेवणं गुन्हा. म्हणून पोलिसांना कळवून मी आणि आई ठाणे शहरातल्या शस्त्रांच्या दुकानात ते जमा करायला गेलो.

दुकानदार वयस्कर होते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून त्यांनी भिंग लावलं. फौजेच्या पिस्तुलावर सरकारी शिक्का असतो, बाजारातल्यावर नसतो, किंमत त्यावर ठरते, असं मला सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला.

"ताई, शिक्का तर नाहीच, पण नंबरही नाही. घासून काढलाय कुणीतरी. मला हे पोलिसांना सांगावं लागेल."

नंबर घासलेलं शस्त्र म्हणजे चोरीचा संशय. मी घाईघाईनं पर्समधून परवाना काढला.

"मीच घासलाय," आई म्हणाली. "दर खंडेनवमीला, समईबरोबर, चिंच आणि राखेनं. पूजेत काळंकुट्ट कसं मांडायचं?"

तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. इतकी वर्षं हिला कुणी हरिश्चंद्र व्हायला सांगितलं नव्हतं, ते आजच सुचलं!

दुकानदारांनी फोन उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. नंबर कधी कधी मुठीच्या आतही कोरलेला असतो, असं म्हणत पेचकस घेऊन त्यांनी मुठीची लाकडी पट्टी सोडवली. आत वर्षानुवर्षांचं कुंकू झिरपून घट्ट बसलं होतं, आणि त्या लालीत कोरलेले आकडे स्पष्ट दिसत होते. ते एकेक आकडा वाचत गेले, मी परवान्यावर बोट सरकवत गेले. शेवटचा जुळला तेव्हा कुठे मी स्टुलावर टेकले.

"सुटलात," ते म्हणाले. "पण वहिनी, मूळ काळा रंग आणि शिक्का असता तर शौकिनांनी याला चांगली किंमत दिली असती. आता हे नुसतं लोखंड. साहेब फौजी माणूस, त्यांना हे ठाऊक असणारच. अडवलं नाही तुम्हाला?"

आई गोंधळली.

"अडवतील कशाला? स्वतः रिकामं करून माझ्या हातात द्यायचे. शेजारी पाटावर बसून बघत राहायचे. झाल्यावर म्हणायचे, वा, लख्ख केलंस."

बोलता बोलता तिनं समोरचं पिस्तूल उचललं. वडील गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुकानात, ते पिस्तूल दोन्ही हातांत धरून, ती हमसून हमसून रडली.