बंदुकीवरचं कुंकू

अठरा डिसेंबर, गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. पोलीस ठाण्याचा मालखाना, म्हणजे जप्त केलेला माल ठेवायची खोली. हजर तिघे: मी, माझा नवरा आणि मालखान्याच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणारा हेड मुहर्रिर, म्हणजे ठाण्याचा मुख्य कारकून. ताब्यात मिळालं ते असं: बारा बोअरची एक दुनाळी बंदूक, एक जिवंत काडतूस, एक रिकामं. त्यासाठी कोर्टात लिहून दिलेलं हमीपत्र चाळीस हजारांचं. पोलिसांना दिलेली रक्कम शून्य. हा शेवटचा आकडा मी त्या दुपारी साडेबारापर्यंत खरा धरून चालले होते.

बंदूक माझ्या वडिलांची. ते रेल्वेत होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून परवाना वारशाने माझ्या नावावर आला. माझा नवरा इथे बनारसला रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतो आणि श्राद्धपक्ष चालवतो. त्याने बंदुकीला कधी हात लावलेला नाही. "पोथ्या आणि ही वस्तू एका कपाटात नको," एवढंच तो सुरुवातीला म्हणाला होता. मी तिच्यासाठी वेगळं लोखंडी कपाट आणलं आणि विषय संपवला.

वर्षातून एकदा, खंडे नवमीला, ती बाहेर निघते. माहेरी व्हायचं तसंच मी करते. पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक, शेजारी दोन काडतुसं, मग हळद-कुंकू. वडील नुसतं बोट टेकवत नसत. पाण्यात कालवलेलं कुंकू चार बोटांनी दस्त्यावर आणि नळीवर ओढत. मीही तेच करते.

मागल्या वर्षीच्या खंडे नवमीला सकाळी अकरा वाजता पूजा आटोपून मी नैवेद्याचं ताट आणायला उठले, तेव्हा खाली लोखंड आपटल्याचा आवाज आला. दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं घर आहे. गल्लीकडच्या खोलीत एक माळा विकणारा भाडेकरू होता, तो सहा महिन्यांपूर्वी खोली रिकामी करून गेला होता. यात्रेकरू वाढल्यापासून आमच्या भागात ज्याला त्याला गेस्ट हाउस काढायचं आहे. एका दलालाने त्या भाडेकरूकडून कसलासा कागद लिहून घेतला होता आणि खोली आता आपली, असं तो ठरवून बसला होता. त्याची तीन माणसं पहारीने आमचं कुलूप तोडत होती.

नवरा हात जोडून पुढे गेला. हात जोडणं हा त्याचा सगळ्यावरचा उपाय. "भैया, आज नवमी है, बाद में बैठकर बात कर लेंगे," तो म्हणाला. एकाने त्याला ढकललं. तो पायरीवर पडला, कपाळ फुटलं. दुसऱ्याने पहार उचलली. मी पाटावरून बंदूक घेतली, एक काडतूस भरलं, खाली घराच्या चौकात आले आणि नळी सरळ वर करून चाप ओढला. छर्रे चौकावरच्या लोखंडी जाळीला लागले, कबुतरं उडाली आणि तिन्ही शूर पुरुष पहार टाकून पळाले. पहार अजून माझ्याकडे आहे. ती कोणी जप्त केली नाही.

पोलिसांना मीच फोन केला. शेजारीण म्हणाली, "अहो, ते पळाले ना? मग कशाला बोलावता घरात?" मी म्हटलं, दोन काडतुसांतलं एक उडालं आहे, त्याची नोंद हवी. मी बँकेत आहे. रोखीच्या टेबलावर माझी एकोणतीस वर्षं गेली आहेत. नोंद केली की माणूस सुरक्षित राहतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

ठाणं आमच्या दारापासून अकरा मिनिटांच्या चालीवर आहे. दरोगा, म्हणजे इथला फौजदार, दोन तास चाळीस मिनिटांनी आला. आल्यावर तो नवऱ्याशी बोलू लागला.

"गोली किसने चलाई, पंडितजी?"

"मैंने," मी म्हटलं.

तो नवऱ्याकडेच बघत होता. "पंडितजी, आप बताइए. घबराइए मत."

कपाळावर ओलं फडकं धरून नवरा म्हणाला, "इन्होंने ही चलाई."

"माताजी ने?" दरोगा शिपायाकडे वळून हसला. "बनारस में बस यही देखना रह गया था."

मग त्याने जप्तीचा कागद लिहिला. त्याला ते लोक फर्द म्हणतात. त्यात बंदुकीचा नंबर आणि काडतुसं, एवढंच होतं. इथे मी चूक केली. कोणी भाग पाडलं नव्हतं, ती माझी मीच केली. मी म्हटलं, वस्तू ज्या स्थितीत नेता आहात ती स्थिती पूर्ण लिहा. दस्त्यावर आणि नळीवर लाल फराटे आहेत, तेही लिहा. उद्या तुमच्याकडे ओरखडा पडला तर तो आधीचाच होता म्हणाल.

"लिख देते हैं, माताजी. जैसी आपकी इच्छा." आणि त्याने लिहिलं, बट आणि नळीवर खून जैसे लाल धब्बे.

"हे कुंकू आहे," मी म्हटलं. "आज शस्त्रपूजा आहे. समोर पाट दिसतोय, वाटी दिसतेय."

"शस्त्रपूजा थाने में भी होती है. हम तो एक टीका लगाते हैं. ये तो पूरी होली है." मी शब्द बदलायला सांगितला. तो म्हणाला, "फर्द में काटा-पीटी नहीं होती. और 'जैसे' लिखा है न? कुमकुम भी तो खून जैसा ही दिखता है."

मी सही केली. पाचशे रुपयांची नोट उजेडात धरून बघितल्याशिवाय कधी न घेतलेल्या बाईने 'जैसे' या शब्दावर विश्वास ठेवला.

नऊ दिवसांनी त्या तिघांपैकी एक जण कानाला पट्टी बांधून ठाण्यात हजर झाला. फर्दीत रक्त आहे, हे दलालाला कळलं होतं. कोणी कळवलं ते शोधायला मेहनत लागत नाही. रक्त आहे तर जखमी पाहिजे, म्हणून जखमी तयार झाला. माझ्या छर्र्याने त्याचा कान फाडला, अशी तक्रार दाखल झाली आणि माझ्यावरही गुन्हा नोंदवला गेला.

मी ठाण्यात गेले. दरोग्याला म्हटलं, जाळी जमिनीपासून छत्तीस फुटांवर आहे. या माणसाचा कान साडेपाच फुटांवर आहे. मधल्या साडेतीस फुटांचं काय करायचं?

"हिसाब बैंक में कीजिए, माताजी. यहाँ जाँच होती है."

"मग कानाची करा. पट्टी सोडून बघा."

"डॉक्टर का काम है," असं म्हणून त्याने चहा मागवला. माझ्यासाठी नव्हे.

जाँच अशी झाली की बंदूक दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. का, तर तो डाग रक्ताचा आहे का ते बघायला. दहा रुपयांची कुंकवाची पुडी ओळखायला सरकारला दहा महिने लागले. अहवाल आला: रक्त नाही. हळद आणि चुना. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्या गल्लीतला पुड्या बांधणारा दुकानदार त्यांना तिथल्या तिथे सांगू शकला असता. अहवाल आला त्या आठवड्यात कानवाला आपली तक्रार घेऊन दिसेनासा झाला. त्याचा कान आपोआप बरा झाला असावा.

आता माझ्यापुढे एकच गोष्ट होती. माझ्या परवान्याची मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती. नूतनीकरणाच्या वेळी बंदूक समक्ष दाखवावी लागते. दाखवली नाही तर परवाना जातो आणि परवाना गेला की बंदूक सरकारजमा. वडिलांनी तीस वर्षं तेल लावून ठेवलेली वस्तू, माझ्या एका सहीमुळे, भंगाराच्या लिलावात गेली असती.

कोर्टाने नोव्हेंबरात बंदूक मला परत द्यायचा हुकूम दिला. हमीपत्र झालं. हुकूम घेऊन मी मालखान्यात गेले. हेड मुहर्रिर रजेवर. पुन्हा गेले. त्याने हुकूम उलटा करून वाचला, मग सुलटा केला. "चिट गिर गई है. तीन दुनाली पड़ी हैं. आपकी कौन-सी है, कैसे मानें?"

"नंबर बघा."

"नंबर पर जंग है."

"मग कुंकू बघा. बाकीच्या दोघींना मी लावलेलं नाही."

त्याला हे आवडलं नाही. तिसऱ्या खेपेला तो मुद्द्यावर आला. "साल भर से ऊपर सेवा की है, माताजी. तेल-पानी में खर्चा होता है."

"किती? पावती द्या, देते."

"सेवा की भी रसीद होती है?"

"मग सेवा नको."

पाच खेपा झाल्या. जेवताना नवरा म्हणाला, "अगं, देऊन टाक काहीतरी. तारीख जवळ आली."

"तुम्ही हात जोडता, मी पैसे देऊ. म्हणजे घरात कोणी सरळ उभंच राहायला नको."

त्याने भात कालवायला घेतला. माझ्या बोलण्यावर त्याने चौदा महिन्यांत एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याबद्दलही माझं त्याच्याविषयी फारसं चांगलं मत नव्हतं. सोळा तारखेला, मंगळवारी, मी वरिष्ठांच्या नावाने दीड पानांचा अर्ज लिहिला, पाचही खेपांच्या तारखा घातल्या आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला.

गुरुवारी सहावी खेप. मुहर्रिर उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली. पाच मिनिटांत बंदूक आणली. चिठ्ठी तिच्या चापाच्या कडीला सुतळीने बांधलेली होती, गाठ जुनी, धूळ बसलेली. कुंकू वाळून काळं पडलं होतं, प्रयोगशाळेने खरवडलेली जागा तेवढी उघडी होती. मी नंबर ताडून पाहिला, सही केली. आम्ही निघताना तो माझ्या नवऱ्याच्या पाया पडला.

गल्लीत बंदुकीची पिशवी खांद्याला लावून मी पुढे चालत होते. म्हटलं, "बघितलंत? एक अर्ज. नुसत्या एका अर्जाने हा माणूस खुर्ची द्यायला लागला. असल्या लोकांना हेच कळतं."

नवरा मागून म्हणाला, "अर्ज अजून पोचला नसेल."

"म्हणजे?"

"मंगळवारी दुपारी टाकलास ना? रजिस्टरला तीन दिवस तरी लागतात."

मी थांबले. समोरून गाय येत होती, तिला वाट द्यायला दोघेही भिंतीला टेकून उभे राहिलो. तो तिथेच बोलला, माझ्याकडे न बघता. बुधवारी सकाळी एका श्राद्धाहून परतताना तो मालखान्यात गेला होता. मिळालेली दक्षिणा पाकिटातच होती. वर सुपारी ठेवून ते पाकीट त्याने मुहर्रिरच्या पुढे केलं. मुहर्रिर म्हणाला, "पंडितजी के हाथ से तो प्रसाद है," आणि दोन्ही हातांनी घेतलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पावती मागितली असतीस."

गाय गेली. बंदूक परत नेऊन त्याच्या टेबलावर आपटावी, असं वाटून गेलं. मी नेली नाही. घरी आले, नळीतून तेलाचं फडकं फिरवलं आणि बावीस तारखेला ती कचेरीत दाखवून परवाना नवा करून घेतला. मुदतीला नऊ दिवस शिल्लक होते.

तेव्हा वर लिहिलेला आकडा दुरुस्त करते. दिले: दोन हजार एक रुपये. वरचा एक रुपया दक्षिणेचा, तो सोडायचा नसतो म्हणून. देणारा माझा नवरा, घेणारा मालखान्याचा हेड मुहर्रिर. पावती नाही.