पंखावरचा हात

आमच्या गोरेगाव खेड्यातून हिंगोलीला जीप चालवणारा हा माणूस, प्रवासी उतरला की दाराचा पत्रा रुमालानं पुसतो. सगळे हसतात. तरुणपणी तो शहरातल्या विमानाच्या कारखान्यात पत्रे जोडायचा. काहीही विचारा, उत्तर एकच, "बराबर."

यंदा आमच्या शाळेच्या कबड्डीच्या पोरींना घेऊन आम्ही याच्याच जीपनं त्याच शहरात गेलो. स्टेडियमच्या दारात जुनं विमान मांडून ठेवलंय. आत माइकवर कुणीतरी शहरात बनलेल्या विमानांचे गोडवे गात होतं. यानं पंखावर हात ठेवला, तेवढ्यात पहारेकरी खेकसला, "ए, हात काढ!"

मी भांडायला पुढे झालो. यानं मात्र रुमाल काढला आणि हात लागलेली जागा नीट पुसली.

"ऱ्हाऊ द्या, सर. कारखान्यातबी असंच व्हतं. आपल्या बोटाचा ठसा ऱ्हाऊ देत न्हाईत."